वाघजाईची ओटी

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
कार्तिक वद्य एकादशी, १५ नोव्हेंबर २०२५

चि. रसिका हिस अनेक आशीर्वाद.

मायना लिहिताना हात थबकला. तुझ्या नावाआधी आणखी एक अक्षर लिहिण्याची सवय होती, ती आवरली. तू आता माझी सून नाहीस, हे न्यायालयाने सांगितले; मग मी तुझी कोण, हे मात्र कोणी सांगितले नाही. आपल्याकडे साडूच्या, विहिणीच्या, जावेच्या नात्याला नावे आहेत. मुलाच्या पूर्वीच्या पत्नीशी त्याच्या आईचे जे काही उरते, त्याला नाही. म्हणून नुसते चिरंजीव लिहिले. दीर्घायुष्य चिंतायला नाते लागत नाही.

कोल्हापूरचा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, स्वातीकडून घेतला. ती शांती नगरच्या बाजारात भाजी घेताना भेटली. फोनचा क्रमांक माझ्याजवळ आहे, पण फोनवर माणसे एकमेकांची प्रकृती विचारून गप्प होतात.

प्रकृतीचे आधीच सांगून टाकते. फेब्रुवारीत माझे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले आहे. डॉक्टरांनी विचारले, "आजी, जिने किती चढता?" मी म्हटले, "जिन्यांचं सोडा, मी घाट उतरत असे." त्यांना तो विनोद वाटला. शस्त्रक्रियेनंतर सपाटीवर हवे तितके चाला म्हणतात. दगडधोंड्यांची उतरण मात्र बंद.

तुला आठवते का, लग्नानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात तू मला विचारले होतेस, "आई, तुम्ही क्षेत्र महाबळेश्वरला इतक्यांदा गेलात, देवळाच्या मागे काय आहे ते पाहिलंत?" मी सांगू लागले, पंचगंगेचे देऊळ, अतिबळेश्वर, कृष्णामाईचे जुने देऊळ. तू म्हणालीस, "ते सगळं पुढे झालं हो. मागे?" मागे जंगल आहे, एवढेच मला माहीत होते. ज्या कृष्णेचे माहात्म्य मी बायकांना वाचून दाखवीत असे, तिला सपाटीवर यायला आधी एक दरी उतरावी लागते, हे कधी ध्यानातच आले नव्हते. तीर्थ म्हणजे पायऱ्या, गोमुख आणि तांब्या, एवढ्यावर माझी नदी संपत होती.

मग तू मला बूट आणून दिलेस आणि सराव सुरू केलास. रविवारी पहाटे रिक्षाने वरसावे, आणि तिथून नागल्याच्या जंगलात. नऊवारी नेसलेली बाई जंगलाच्या फाटकाशी उतरते आहे हे पाहून रिक्षावाला म्हणाला होता, "माताजी, मंदिर तो उधर है." तू त्याला म्हणालीस, "भैया, आज भगवान इधर मिलनेवाले हैं." मी तुला दटावले होते खरे, पण घरी आल्यावर ते वाक्य मी स्वतःशीच पुन्हा म्हणून पाहिले.

आणि मग महाबळेश्वरच्या देवळामागची ती वाट! अंजनीच्या बुटक्या झाडांमधून जाणारी, जांभळांच्या खोडांवरचे ओले शेवाळ, त्या शेवाळात रुजलेले नेचे, आणि एकाएकी झाडे संपून समोर उघडणारे कृष्णेचे खोरे. खाली जोर गावची घरे, बलकवडीच्या धरणाचे पाणी, पलीकडे कमळगड. धुके आले की हे सारे पुसले जायचे आणि तू म्हणायचीस, "थांबा, पडदा वर जाईल." वाटेवर सासू नाही, सून नाही, हा नियम तुझा. उतरताना तू पुढे, चढताना तू मागे. म्हणजे मी कुठूनही घसरले तरी तुझ्यावरच पडणार. मला तू लीडर म्हणायचीस, आणि मी कुठे पाय ठेवायचा हे मात्र तूच ठरवायचीस.

जानेवारीत एकदा माझ्याबरोबर ती वाट उतरशील का? खोऱ्यात जायचे नाही. घळीच्या तोंडाशी वाघजाईचे ठाणे आहे ना, तिथपर्यंतच. गुडघे अजून माझे स्वतःचे आहेत तोवर एकदा जावे, एवढेच. दुसरा काही हेतू नाही.

अनसूया


इंद्रलोक, भाईंदर
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, १ डिसेंबर

चि. रसिका,

तुझा मेसेज मिळाला. "आई, तब्येतीची काळजी घ्या. मला यायला जमणार नाही. मागचं मागे राहू दे." तीन वाक्ये, आणि तिन्ही सरळ. माझे पत्र तितके सरळ नव्हते. दुसरा काही हेतू नाही असे मी लिहिले. ते खरे नव्हते.

मधमाश्यांच्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. तुला त्यातले थोडेच आठवत असेल. घळीच्या तोंडाशी कड्याला आग्या मोहोळ होते, आणि ते कशाने उठले ते मला आजही ठाऊक नाही. तू मला खाली ढकलून बसवलेस, तुझे जाकीट माझ्या डोक्यावर टाकलेस आणि वरून मला मिठी मारून राहिलीस. मला मनगटावर काही डंख झाले. तुझा चेहरा मात्र ओळखू येईना. ओठ निळे पडले, श्वास शिटीसारखा वाजू लागला. जोरहून वर येणारे चौघे भेटले म्हणून निभावले. बांबूला घोंगडी बांधून ते डोली करू लागले. माझ्याने तिथे बसवेना. मी समोरच्या ठाण्याशी गेले.

आयुष्यभर मी स्तोत्रे म्हणत आले. त्या क्षणी एकही ओळ आठवली नाही. शेंदराच्या दगडापुढे उभी राहून मी म्हटले, "हिला चालती कर. हिला घेऊन येईन आणि हिच्या हाताने तुझी ओटी भरीन." हिच्या हाताने अशासाठी की मी विधवा. माझ्या हाताची ओटी देवी घेत नाही असे तिथे मानतात, आणि त्या वेळी वाद घालायला मला सवड नव्हती.

त्या ठाण्याचा दंडक आहे. जिच्यासाठी बोलावे, तिला सोबत आणून नवस फेडावा, आणि फेडेपर्यंत त्याविषयी बाहेर बोलू नये. जिच्यासाठी बोलले तिच्यापाशी तर मुळीच नाही. म्हणून तुला सांगितले नाही. पुढच्या मार्गशीर्षात तुला नुसते फिरायला म्हणून नेईन असा बेत होता. तोवर साथ आली, देवळे बंद झाली. उघडली तेव्हा तू आणि अभिनव एका ताटावर बसूनही बोलत नव्हतात. पुढचे तुला माहीत आहे.

या ऑक्टोबरात गुडघ्यांचे ठरले, तेव्हा घरात हे सांगणे भाग पडले. अभिनव म्हणाला, "आई, सुनेला घेऊन जायचंय ना? सून आहे की घरात. संजनाला घेऊन जाऊ. शनिवारी निघू, रविवारी परत." गेल्या वर्षी त्याने संजनाशी लग्न केले, हे स्वातीने तुला सांगितले असेलच. मी ऐकून घेतले. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेननी तर विषयच संपवला. "अरे अनसूयाबेन, माताजीला बहू पाहिजे, बहू आहे ने? देवी काय आधार कार्ड मागते?"

आणि मी गेले. हे तुला सांगायचे नव्हते, पण आता अर्धे सांगून थांबण्यात अर्थ नाही. संजना बिचारी पांढरे बूट घालून आली होती. कड्यावरून खाली वाकून म्हणाली, "आई, हे उतरायचंय? खरंच?" पण उतरली. तक्रार न करता, माझा हात धरून. ठाण्याशी तिने खण, नारळ, तांदूळ हातात घेतले आणि माझ्याकडे पाहिले. मला एवढेच म्हणायचे होते की जिच्यासाठी बोलले होते, ती ही. ते मला म्हणता येईना.

"आई, काय झालं? विसरलात का?"

"नाही गं."

"मग?"

मी मधमाश्यांचे सांगितले. अभिनवने तिला नुसते "आईचा एक जुना नवस" एवढेच सांगितले होते. ती ऐकत राहिली. मग खण पुन्हा पिशवीत ठेवीत म्हणाली, "मला काही प्रॉब्लेम नव्हता, आई. पण हे माझं नाहीये. तिला कळवा ना." अभिनव चिडला. "एवढं उतरून आलो, आता परत न्यायचं? कमाल आहे तुमची दोघींची!" असे म्हणून तो एकटाच झपाझप वर निघून गेला. आम्ही दोघी मागून हळूहळू आलो. वाटेत संजनाने मला विचारले, "ती चांगली चालायची का हो?" मी म्हटले, "चांगली चालायची आणि फार बोलायची."

मीमांसकांनी प्रतिनिधीचा विचार फार बारकाईने केला आहे. सोमवल्ली न मिळाली तर दुसरी वेल चालते, एक धान्य नसेल तर दुसरे चालते. पण देवतेला प्रतिनिधी नाही, आणि ज्याचा यज्ञ, त्या यजमानालाही नाही. अभिनवला हे सांगितले तर तो म्हणाला, "आई, हा यज्ञ नाहीये." मला वाटते, होता.

येशील का, हे पुन्हा विचारते आहे. या वेळी हेतू सांगून. नवस न फेडता सांगितला, त्याचा दोष माझ्या माथी.

अनसूया


इंद्रलोक, भाईंदर
पौष शुद्ध एकादशी, ३० डिसेंबर

चि. रसिका,

परवा तू फोनवर रागावलीस, ते बरे झाले. मेसेजमधल्या तुझ्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली होती.

तू विचारलेस, "मला न विचारता मला देवीला कबूल करून टाकलंत? आणि आता मी ओटी भरायला उभी राहू? सवाष्ण म्हणून? कोणाची?" मी काही बोलायच्या आत म्हणालीस, "आणि मी बॅग घेऊन निघाले तेव्हा तुम्ही पोथी वाचत होतात. मान वर केली नाहीत." एवढे बोलून फोन ठेवलास. म्हणून उत्तर असे द्यावे लागते आहे.

पोथी उघडी होती. मी वाचत नव्हते. मान वर केली असती तर तुला थांब म्हटले असते, आणि माझ्या एका शब्दावर तू थांबली असतीस. त्या घरात तुझे काय चालले होते ते मी पाहत होते. म्हणून मान वर केली नाही. त्याचा अर्थ तू काय घेतलास ते परवा कळले.

सवाष्णीबद्दल. ओटी सवाष्णीने भरावी ही रूढी आहे. रूढी मी सोडलेली नाही. या वयात सोडता येईल असेही नाही. पण तुझा प्रश्न डोक्यात घेऊन दोन रात्री विचार केला. वाघजाई त्या रानात, छप्पर नसलेल्या ओट्यावर, एकटी बसलेली आहे. तिच्या शेजारी कोणी देव नाही. तिला आजवर कोणी विचारलेले नाही की तू कोणाची. जी स्वतः तशी आहे, ती तुला विचारील असे मला वाटत नाही. सवाष्णीचे मीच लावून धरले होते आणि ते तिच्या नावावर खपवीत होते, एवढेच.

राहिली कबुलीची गोष्ट. तिथे तुझे बरोबर आहे. शब्द माझा होता, तू दिलेला नव्हता. तेव्हा तू बांधलेली नाहीस. न फिटलेला नवस घेऊन माणूस मेले तर काय होते, याविषयी पोथ्यांमध्ये बरेच भयंकर लिहिलेले आहे. ते मी वाचले आहे आणि सांगते की तुला ओढून नेण्यापेक्षा मला ते पत्करेल.

तरीही मी जाणार आहे. १० जानेवारीला, शनिवारी. अभिनवला काम आहे, म्हणजे तो अजून चिडलेला आहे. गाडी संजना चालवील. ती म्हणते, "मी बाजारात स्ट्रॉबेरी क्रीम खात बसेन. तुम्हा दोघींच्या मध्ये येणार नाही, प्रॉमिस." मी पंचगंगेच्या देवळाच्या पायऱ्यांवर दुपारपर्यंत बसेन. तू आलीस तर खाली जाऊ. नाही आलीस तर दरीच्या दिशेने हात जोडीन आणि परत फिरेन. संजनाबरोबर उतरणार नाही, एकटीही उतरणार नाही.

उत्तर देऊ नकोस. उत्तर दिलेस तर मी त्यावर आणखी एक पत्र लिहीन, आणि तुझा सुट्टीचा दिवस त्यातच जाईल.

अनसूया


इंद्रलोक, भाईंदर
मकरसंक्रांत, १४ जानेवारी २०२६

चि. रसिका,

तिळगूळ वेगळ्या पाकिटातून पाठवला आहे. संजनाने केला आहे, थोडा कडक झाला आहे. दाढेखाली धरू नकोस.

जे झाले ते तुझ्या डोळ्यांदेखत झाले, तरी लिहिते. वाटेवर मला बोलता आले नाही. सगळा श्वास पायांना लागत होता.

त्या दिवशी मी पायऱ्यांवर बसले तेव्हा आरती चालू होती. मग ती संपली. यात्रेकरू आले, गोमुखाखाली बाटल्या भरून गेले. एक माकड माझ्या पिशवीकडे डोळा ठेवून होते आणि त्याला हाकलण्यात माझा बराच वेळ गेला, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. उन्हे पायरीवर आली तेव्हा मी मनाशी म्हटले, बाई, आता ऊठ. दरीच्या दिशेने हात जोडले. आणि मागून आवाज आला, "हे पट्टे उलटे बांधलेत तुम्ही."

नमस्कार नाही, कशा आहात नाही. तू खालच्या पायरीवर गुडघे टेकून बसलीस आणि माझ्या गुडघ्यांचे पट्टे सोडून पुन्हा बांधू लागलीस. केस किती पिकले तुझे! कोणीतरी बाई कौतुकाने म्हणाली, "मुलगी वाटतं?" तू मान वर न करता म्हणालीस, "नाही हो. मी यांची ट्रेकवाली." त्या बाईला काही कळले नाही. मला हसू आले आणि त्याच्या आडून दुसरेही जे यायचे ते येऊन गेले.

वाट बदलली आहे. सुरुवातीला लोखंडी कठडा आहे, पाटी आहे, पाटीखाली कुरकुऱ्यांची पाकिटे आहेत. पण अंजनीत शिरल्यावर सारे तसेच होते. तोच गार काळोख, त्याच मुळ्यांच्या पायऱ्या. एका शेकराने वरून काहीतरी टाकले ते बरोबर तुझ्या डोक्यावर पडले, आणि तू त्याला जे म्हणालीस ते मी इथे लिहीत नाही. पूर्वी ज्या दगडावर बसून आपण दशम्या खात असू, तिथे तू न सांगता थांबलीस. धुके होते. खोरे दिसत नव्हते. पडदा वर जाईल असे तू म्हणशील म्हणून मी वाट पाहिली. तू म्हणाली नाहीस. थोड्या वेळाने खोरे आपणहून दिसू लागले.

कड्याला मोहोळ आजही आहे. नवे असेल. तू एकदा वर पाहिलेस, माझा हात धरलास आणि दोघी चोरासारख्या खालून गेलो. तुझा तळवा घामेजला होता. इतकी वर्षे मी त्या दिवसातली माझी भीतीच काय ती मोजत आले. तुझीही होती, हे तळव्यावरून कळले.

ठाण्याशी पोहोचल्यावर तू म्हणालीस, "मला मंत्रबिंत्र येत नाहीत."

"मलाही त्या दिवशी आले नव्हते."

तू पिशवीतून खण काढलास. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी मांडलीस. क्रम चुकलास, मी सांगितला नाही. मग हात थांबवून म्हणालीस, "भरते. पण देवीसाठी नाही, कबूल? मला घोंगडीत घालून नेत होते तेव्हा इथे एक बाई एकटी उभी होती ना, तिच्यासाठी."

शास्त्रार्थ करण्यासारखे बरेच होते त्यात. पण शेंदराच्या त्या दगडावर खण चढला, ओंजळीतून तांदूळ पडले, आणि माझ्या छातीवरून काहीतरी उतरले, ते काय होते ते मला नेमके सांगता येत नाही. मी नुसते म्हटले, "आई, ही ती. आणली." फार वर्षांनी मी देवापुढे खरे आणि पूर्ण वाक्य बोलले.

चढताना तू नेहमीसारखी मागे होतीस. "लीडर, डावा पाय. डावा! अहो, तो उजवा," हे निम्म्या डोंगराने ऐकले असेल. वर पोहोचायला फार वेळ लागला. संजना गाडीशी उभी होती. क्रीम तिने तीन प्याल्यांत आणून ठेवले होते आणि तिन्ही वितळले होते. तुम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलेत. ती म्हणाली, "तुम्ही फार बोलता असं ऐकलंय." तू म्हणालीस, "कोणी सांगितलं?" दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिले. मी क्रीम पीत होते.

तू बसने कोल्हापूरला गेलीस. गाडी घाट उतरू लागल्यावर संजनाने विचारले, "फिटला का हो नवस?" मी फिटला म्हटले. माझा फिटला हे खरेच आहे.

आता एकच राहिले. ओटी भरून झाल्यावर तू मला म्हणाली होतीस, "तुम्ही जरा पलीकडे तोंड करा." मी केले. वय झालेल्या बायका सांगितल्याबरोबर पूर्ण वळत नाहीत, हे तुला अजून अनुभवाने कळायचे आहे. तू हात जोडून उभी होतीस आणि तुझे ओठ हलत होते. तू, जिने आमच्या घरात कधी निरांजनही लावले नाही.

काय बोललीस ते मी विचारणार नाही. फेडेपर्यंत सांगू नये, हा तिथला दंडक मीच तुला लिहून कळवला आहे, आणि तू तो माझ्यापेक्षा नीट पाळशील. मी एवढेच लिहून ठेवते की डोळे मिटण्यापूर्वी तू एकदा माझ्या गुडघ्यांकडे पाहिलेस.

तुझी,
अनसूया